पावसाळ्यात ल्युअर (गळाने मासे धरायचं कृत्रिम आमिष) ठेवून देताना हुकांना गंज लागू नये म्हणून काय करावं?

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गंजाची फारशी भीती नसते, खरा त्रास जून ते सप्टेंबर. म्हणून पाऊस लागायच्या आत डबा रिकामा करा. ल्युअर साध्या पाण्याने धुऊन, पुसून रात्रभर पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, रंग उडतो.

स्प्लिट रिंग, म्हणजे हुक ल्युअरला जोडणारी किल्ल्यांच्या रिंगसारखी कडी, मात्र नीट बघा. तिच्या दोन वेढ्यांमधल्या फटीत पाण्याचा थेंब अडकून राहतो आणि गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. हुक आणि रिंगला कापसाने शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. मऊ प्लास्टिकचे ल्युअर तेलापासून दूर, वेगळ्या पिशवीत ठेवा. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. गंजलेला हुक ठेवूच नका, सरळ बदला. त्याचे डाग शेजारच्या ल्युअरवरही पडतात.