जुन्या विमानाचा विसार दिला आहे. बाकी रक्कम द्यावी का?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री चालवणारे आणि खासगी वैमानिकाचा परवाना असलेले एक वाचक लिहितात, की त्यांनी पुणे जिल्ह्यातील एका मालकाकडून जुने चार आसनी सेसना १७२ विमान ४५ लाखांना घेण्याचे ठरवले आणि १० लाखांचा विसार बँकेमार्फत दिला. ‘इंजिनचे ओव्हरहॉल झालेले आहे, त्यानंतर शंभर तासही उडालेले नाही,’ असा विक्रेत्याचा व्हॉट्सअॅप संदेश त्यांच्याकडे आहे. विसारानंतर तपासणी करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याला आढळले, की ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीला, ११ वर्षे झाली आहेत, इंजिनच्या लॉगबुकाचा (वापर व दुरुस्तीच्या नोंदवहीचा) एक भाग गहाळ आहे आणि नोंदणीवर बँकेचा बोजा अजून कायम आहे. विक्रेता म्हणतो, करारात ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले आहे. १५ दिवसांत बाकी द्या, नाहीतर विसार जप्त करून विमान दुसऱ्याला विकतो. करारात वादासाठी पुण्याच्या न्यायालयाचे नाव आहे. शिवाय वाचकांनी स्वतःचे जुने दोन आसनी विमान गोव्याकडील एका गृहस्थांना विकून ताबाही दिला आहे. त्याची नोंदणी मात्र वाचकांच्याच नावावर आहे, आणि पुढच्या चाकाची पूर्वीची मोडतोड त्यांनी सांगितलेली नाही. ती सांगावी का, असेही ते विचारतात, आणि विमानांतील हितसंबंधांविषयीच्या २०२५ च्या कायद्याचा उल्लेख करतात.

उत्तर: आपण विचारलेल्या गोष्टींपैकी सर्वांत निकडीची गोष्ट पहिल्यांदा सांगतो. बाकी ३५ लाख रुपये आत्ता देऊ नका, पण ‘सौदा रद्द’ असेही घाईने लिहून देऊ नका. विसार जप्त करण्याचा विक्रेत्याचा हक्क आपण करार मोडला या एकाच पायावर उभा राहू शकतो, आणि तो पाया आपण स्वतःच्या हाताने त्याला देता कामा नये.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट हा निकाल आपण लक्षात घ्यावा. विमानांच्या भंगाराचा १० लाखांचा तो सौदा होता, खरेदीदाराने अडीच लाख भरले, पुढची रक्कम भरली नाही, आणि न्यायालयाने ती अनामत जप्त करणे योग्य ठरवले. म्हणजे सौद्याच्या जवळजवळ पाव हिश्श्याइतका विसारही जाऊ शकतो. मात्र तिथे कसूर खरेदीदाराची होती. आपल्या बाबतीत बोजा न उतरवलेला, लॉगबुक अपुरे असलेला आणि इंजिनविषयी अर्धेच सांगणारा पक्ष विक्रेता आहे. आपली सारी लढाई हा फरक कागदावर सिद्ध करण्याची आहे.

म्हणून मुदत संपण्यापूर्वी नोंदणीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस पाठवा. आपण बाकी रक्कम देण्यास तयार व समर्थ आहात, परंतु बँकेचे ना हरकत पत्र, गहाळ लॉगबुक किंवा दुरुस्ती करणाऱ्या संस्थेकडून त्याच्या प्रमाणित नोंदी, आणि ओव्हरहॉलची मूळ कागदपत्रे मिळाल्याशिवाय विक्रेता आपला भाग पुरा करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हणा. खात्यातील शिल्लक दाखवणारे बँकेचे पत्र सोबत जोडल्यास ‘पैसेच नव्हते’ हा नेहमीचा बचाव उरत नाही. ही कागदपत्रे देण्यासाठी विक्रेत्याला ठरावीक मुदत द्या, आणि कराराच्या संमतीबाबतचे आपले सर्व हक्क राखून ठेवल्याचेही लिहा.

आता इंजिनकडे येऊ, कारण आपली सर्वांत भक्कम बाजू तिथे आहे. या विमानांतील लायकमिंग कंपनीच्या इंजिनांच्या ओव्हरहॉलसाठी उत्पादक तासांची मर्यादा देतो, आणि त्याबरोबरच १२ वर्षांची मर्यादाही देतो. यांपैकी जी आधी येईल ती लागू धरायची असते. विक्रेत्याने सांगितलेले तास कदाचित खरे असतील. पण ११ वर्षांत शंभर तासही न उडालेले इंजिन जपून वापरलेले समजायचे नसते. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याला गंज चढतो. आपल्या अभियंत्यांना तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहू द्या, सिलिंडरमध्ये बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून छायाचित्रे घेऊ द्या, आणि त्यांचा अहवाल सही व दिनांकासह लेखी घ्या. न्यायालयात आपल्या नुसत्या म्हणण्यापेक्षा या अहवालाचे वजन कितीतरी जास्त असेल.

खरी माहिती देताना निर्णायक भाग झाकणे, म्हणजे तास सांगून वर्षे लपवणे, याला भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ (फसवणूक) व १८ (चुकीचे कथन) चा आधार घेता येतो, आणि अशा संमतीने झालेला करार कलम १९ नुसार आपल्या इच्छेवर रद्द करता येतो. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी दोषांची सर्वसाधारण जोखीम खरेदीदारावर येते, फसवणुकीला मात्र ते संरक्षण देत नाहीत. विक्रेता असा बचाव घेईल, की आपण साध्या दक्षतेने लॉगबुक आधीच पाहू शकला असता. कलम १९ मध्ये तसा अपवाद आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. त्यासाठी विसारापूर्वी आपण लॉगबुक मागितले होते का, आणि मागितले असल्यास काय उत्तर आले, हे मला कळवा. व्हॉट्सअॅप संदेश ज्या फोनवर आला तो फोन बदलू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्रासह तो संदेश सादर करावा लागेल.

एक कळकळीची सूचना. दोष कळल्यानंतर ते विमान एकदाही उडवू नका, मालक म्हणून त्याच्यावर कुठलेही काम करून घेऊ नका आणि हप्त्याने काही रक्कमही देऊ नका. अशा वागण्यातून आपण सौदा मान्य केला असा अर्थ काढला जातो, आणि मग रद्द करण्याचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई मागणे हाती राहते.

बोजाबद्दल थोडक्यात. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नोंदणीवरची नोंद पाहा, संबंधित बँकेचे थकबाकीचे पत्र घ्या, आणि मालक कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडील बोजाची नोंदही तपासा. विमानांतील हितसंबंधांच्या संरक्षणासाठी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याचा उल्लेख आपण केला आहे. तो विमानांवरील कर्जदात्यांच्या हक्कांविषयीच्या केप टाउन या आंतरराष्ट्रीय करारावर आधारित असून कर्मचाऱ्यांसह किमान आठ माणसे किंवा २७५० किलोपेक्षा अधिक माल नेणाऱ्या विमानांपुरता आहे. आपल्या चार आसनी विमानाचा शोध त्या कराराखालील आंतरराष्ट्रीय नोंदवहीत घेऊन समाधान मानू नका. पुढे सौदा झालाच, तर बँकेची थकबाकी बाकी रकमेतून थेट बँकेला द्यावी आणि उरलेली नोंदणी हस्तांतराच्या कागदांवर सह्या होताना द्यावी.

न्यायालय कोणते, या प्रश्नाने सीमाभागातील अनेकांची फसगत होते. पैसे बेळगावातून गेले, संदेश बेळगावात आला, म्हणून इथल्या न्यायालयालाही एरवी अधिकारक्षेत्र असते. पण ज्या दोन ठिकाणी दावा चालू शकतो त्यांपैकी एक पक्षकारांनी करारात निवडले असेल तर न्यायालये ती निवड सहसा पाळतात, त्यामुळे पुण्याचीच तयारी ठेवा. विमानाच्या विक्रीचा वाद वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ मध्ये नाव घेऊन समाविष्ट केलेला आहे, आणि मूल्य तीन लाखांहून अधिक असल्याने तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी कलम १२अ खाली मध्यस्थी सक्तीची आहे. विक्रेता खरोखर तिसऱ्याला विमान विकू लागला तर मात्र मनाईसाठी थेट जाता येईल. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असला, तरी विक्रेता व्यापारी नसून एकदाच स्वतःचे विमान विकणारा गृहस्थ असल्याने तो मार्ग मला भरवशाचा वाटत नाही. करारावर मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का, तेही आत्ताच तपासून घ्या. कमी मुद्रांकाचा दस्त दंड भरल्याशिवाय पुराव्यात वाचला जात नाही.

आता आपण स्वतः विक्रेते असलेल्या सौद्याबद्दल, ज्याची मला जास्त काळजी वाटते. १९३७ च्या विमान नियमांनुसार मालकी बदलल्याचे नोंदणीकृत मालकाने डीजीसीएला लगेच कळवणे आवश्यक आहे, आणि नव्या मालकाने स्वतःच्या नावे नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. ताबा गेला, नाव राहिले, अशा अवस्थेत अपघात झाला तर पहिली नोटीस आपल्याच पत्त्यावर येईल. विमा कंपनीही विमानात आपले हित उरले नसल्याचे कारण दाखवून दावा नाकारू शकते. डीजीसीए व विमा कंपनीला आजच पत्रे पाठवा आणि नोंदणी होईपर्यंत विमान उडवू नये असे त्या गृहस्थांना लेखी कळवा. ताबा दिल्याची तारीख, वेळ, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) व इंजिनचे तास आणि सुपूर्द केलेल्या प्रत्येक लॉगबुकाचा उल्लेख असलेली पावती दोघांच्या सह्यांनी करून घ्या.

पुढच्या चाकाची मोडतोड सांगावी का, असे आपण विचारले आहे. सांगावी, आणि लेखी सांगावी. न विचारलेल्या गोष्टीबद्दलचे मौन कायद्याने नेहमीच फसवणूक ठरत नाही हे खरे. पण त्या गृहस्थांनी अपघाताबद्दल विचारले असेल आणि आपण ‘काही नाही’ म्हटले असेल, तर पुण्याच्या विक्रेत्याविरुद्ध आपण जे म्हणणार आहात तेच ते आपल्याविरुद्ध म्हणू शकतील. दुरुस्तीची नोंद व अभियंत्याचा दाखला पत्रासोबत पाठवा. त्यामुळे ते किमतीत थोडी सूट मागतील. ती देणे दाव्यापेक्षा स्वस्त पडेल.

नोटिशीच्या मसुद्यासाठी विसाराचा करार, बँकेची पावती, संदेशांच्या प्रती, अभियंत्यांचा अहवाल आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन मुदतीच्या किमान चार दिवस आधी आपल्या वकिलांना भेटा, म्हणजे टपालाची पोच मुदतीच्या आत हाती येईल.