गोव्यात कामगारांच्या मुलांसाठी कलेची संस्था काढायचीय, आधी रजिस्ट्रेशन करू की आधी मुलं जमवू?

तुम्ही लिहिलंय की पणजीत आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून पास होऊन दोन वर्षं झाली, म्हापशाला राहता, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी चित्रकला-नाटक असं काहीतरी सुरू करायचंय, आणि आधी एनजीओ रजिस्टर करू की आधी मुलं जमवू, पैसे कुठून आणू. मी फोंड्याजवळ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला सात वर्षं रविवारचा वर्ग चालवतोय, पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, त्यामुळे खाली जे लिहितो त्यातलं बरंचसं आधी चुकून मग कळलेलं आहे.

आधी मुलं. मी उलटं केलं होतं. सोसायटी कायदा १८६० चा, त्यात कमीत कमी सात माणसं लागतात म्हणून आमच्या हौशी नाटकातले सात जण गोळा केले, संस्थेचं नाव काय ठेवायचं यावर तीन मीटिंगा भांडलो, लोगोत महिना घालवला, आणि तोवर एकाही पोराच्या हातात ब्रश दिला नव्हता. वर्षभरात खजिनदार बोटीवर कामाला लागला. मग बँकेत सही बदलायला ठराव आणा, नवीन कमिटीची यादी आणा, सगळ्यांचं केवायसी परत करा, आणि दोघं तर फोनच उचलेनात. तुम्ही सहा महिने नुसता वर्ग घ्या. सहा महिन्यांनी कोण अजून येतोय ते दिसेल, तेच तुमचे सात.

जागेसाठी पैसे घालवू नका. सरकारी प्राथमिक शाळेचा एक वर्ग रविवारी रिकामाच असतो, मुख्याध्यापिका बाईंना भेटा, पालक-शिक्षक संघाला भेटा, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पंचाच्या कानावर घाला, नाहीतर कोणीतरी नक्की विचारतं की ही बाहेरची पोरं शाळेत कशाला. आमच्याकडे तर ही "बाहेरची" पोरं त्याच शाळेत शिकतात, घरी कन्नड नाहीतर लमाणी, शाळेत मराठी, रस्त्यावर कोकणी आणि टीव्हीवर हिंदी. चार भाषा येणारं पोर वर्गात गप्प का बसतं हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. चुकलं तर हसतील म्हणून. म्हणून पहिले काही रविवार आम्ही बोलायचं नाटक घेतच नाही, नुसती मातीची कामं आणि मुखवटे.

वेळ मात्र नीट ठरवा, माझ्या मते पैशापेक्षा हे मोठं. मी संध्याकाळी ५ ला सुरू केलं होतं आणि मुली येईनात. मला वाटलं घरचे सोडत नाहीत. एका आईनेच सांगितलं, "अहो सर, ५ ला नळ येतो." पाणी भरायचं काम मुलींचं. मग सकाळी १० केलं, आणि धाकटी भावंडं घेऊन आलात तरी चालेल असं जाहीर केलं, त्याबरोबर आठ मुली वाढल्या (आणि पाच शेंबडी पोरं, त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक चटई आणि मातीचा गोळा, बास). एकदा ठरवलेली वेळ मोडू नका. चतुर्थीच्या रविवारी मी न सांगता बंद ठेवला तर पुढच्या दोन आठवड्यांत निम्मी पोरं आली नाहीत, कारण ह्या मुलांना न सांगता बंद होणाऱ्या गोष्टींची सवय आहे, बापाचं साइटवरचं काम असंच बंद होतं. आणि मे महिन्यात बरीच कुटुंबं गावी जातात, काही परत येत नाहीत, तेव्हा वर्षभराचा कोर्स वगैरे आखू नका. सहा-सात रविवारांत पुरी होणारी एक गोष्ट घ्या आणि संपवा.

आता शिकवायचं काय. इथे मी तुम्हाला थोडं टोचून सांगणार आहे, राग मानू नका. आर्ट कॉलेजातून आलेली माणसं स्टिल लाइफ घेऊन येतात. मीही नाटकातला म्हणून आवाजाचे व्यायाम घेऊन गेलो होतो, पोरं जांभया द्यायची. पण ऑक्टोबर आला की हीच पोरं महिनाभर संध्याकाळी कुठे असतात? नरकासुराचा पुतळा करायला. वाड्यावाड्यावर पोरं बांबू, गवत, सुतळी, जुने पेपर गोळा करतात, वर्गणी मागतात, चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या आधी स्पर्धेला उभा करतात. सांगाडा उभा राहिला पाहिजे म्हणजे त्यात तोल आला, प्रमाण आलं, मुखवटा आला म्हणजे लगदा आणि रंग आले, आणि हिशोब तर आलाच. आम्ही दुसऱ्या वर्षापासून वर्गाचाच नरकासुर करायला लागलो, फक्त एक नियम घातला, मुखवटा बाजारातून विकत आणायचा नाही. वर्तमानपत्राचे तुकडे, मैद्याची खळ, मातीच्या साच्यावर सात-आठ थर, उन्हात वाळवायचं. त्या वर्षी पाऊस हटेना, मुखवटा वाळेना, शेवटी एकीच्या आईने तो चुलीवर धरला आणि एक कान काळा झाला, तो तसाच ठेवला.

आमच्यातला एक तेरा वर्षांचा मुलगा, पाचवीचं पुस्तक त्याला धड वाचता येत नव्हतं, त्याने भंगारातल्या सायकलची ब्रेकची वायर लावून नरकासुराचा हात वरखाली केला. मी इंजिनियर मित्राला विचारून आलो होतो, त्याचं काही चाललं नाही. याला चित्रकलेचा तास म्हणायचं का, माहीत नाही, पण त्यानंतर तो मुलगा कागदावर माप लिहायला लागला, कारण पुढच्या वर्षी मान फिरवायची होती.

तसंच घुमटाचं, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं लावलेल्या वाद्याचं. चतुर्थीत आरतीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं), कासाळे (झांजा) लागतातच, आणि वाजवणारा कोणीतरी म्हातारा तुमच्या गावात असणारच. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, आता बकरीचं लावतात, आणि आवाज तसा येत नाही म्हणून म्हातारे कुरकुरतात. ते ऐकून घ्यायचं, तोही धडाच आहे. आमच्या घुमटवाल्या काकांना पहिल्यांदा "परगावच्या पोरांना कित्याक?" (कशाला?) असं वाटायचं. आता एका लमाणी मुलीचा हात त्यांच्या नातवापेक्षा चांगला बसलाय असं तेच सांगतात, अर्थात नातू नसताना.

शिकवणाऱ्याला पैसे द्या. थोडे द्या पण द्या. फुकट येणारा तिसऱ्या रविवारी लग्नाला जातो. आमचा एका रविवारचा खर्च हजाराच्या आसपास जातो, त्यात शिकवणाऱ्याचं मानधन, रंग-कागद आणि सगळ्यांना भाजीपाव. भाजीपाव चुकवू नका, काही मुलं सकाळी चहावरच आलेली असतात.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, मुलांची सुरक्षा. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा आहे २००३ चा, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा देशभराचा पॉक्सो कायदा २०१२ चा. पॉक्सोप्रमाणे कुठल्याही मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, "घरचं प्रकरण आहे" म्हणून गप्प बसता येत नाही. स्वयंसेवकांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत असं कधीच नाही, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, वाचता येणारी पोरं इतरांना सांगतात.

आता पैसे. सुरुवातीला मी माझ्याच जीपेवर घ्यायचो, सोपं वाटलं. मग एका देणगीदाराने ८०जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी, पावती मागितली आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. रजिस्ट्रेशन झालं की लगेच संस्थेचं पॅन, बँक खातं, मग १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीसाठी) आणि ८०जी साठी अर्ज, सरकारच्या दर्पण या एनजीओंच्या पोर्टलवर नोंद. आणि देणाऱ्याला खरं सांगा, रोख २००० च्या वर दिले तर ८०जी ची सूट नाही, आणि नवीन टॅक्स रेजिममध्ये असेल तर सूट मुळातच नाही.

गोव्यात एक भानगड जास्तीची आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला तुमचा मावसभाऊ प्रेमाने पैसे पाठवतो म्हणेल. तो आता परदेशी नागरिक, म्हणजे ती परदेशी देणगी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरीही. आणि एफसीआरए रजिस्ट्रेशनसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेला असावा लागतो. दुबईतला, भारतीय पासपोर्टवालाच भाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालतं. विचारून घ्या, लाजू नका, नंतरची नोटीस वाईट.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे त्यांनी समाजकामावर खर्च करायचा, पैसा घ्यायचा तर आधी सरकारकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी नंबर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याच्या मागे धावू नका. आम्ही एकदा घेतला. उद्घाटनाला साहेब दोन तास उशिरा आले, तोवर मुलं कंपनीचा टी-शर्ट घालून बॅनर धरून उन्हात उभी, आणि आम्ही मागितलं होतं तेवढ्यातलं बरंचसं त्या टी-शर्टांतच गेलं. परत द्यायला आले तर घेईन, खोटं कशाला बोलू, पण फोटो आणि वेळेच्या अटी आधी लिहून घेईन. त्यापेक्षा दर महिन्याला २०० देणारी पंचवीस माणसं बघा. आमचा वर्ग आज त्यांच्यावरच चालतो, त्यात एक पोदेर (पाववाला) आहे, तो पैसे देत नाही, पाव देतो.

शेवटचं तुम्ही विचारलंय की किमान किती मुलं जमली म्हणजे सुरू करावं. आमच्याकडे पहिल्या रविवारी तीन आली होती. त्यातलं एक झोपलं, दुसरं पाऊस बघत बसलं, तिसऱ्याने माझे रंग नेले आणि पुढच्या रविवारी चार मित्रांना घेऊन परत आणले.