मायएसक्यूएलच्या कनेक्शन-स्टार्ट प्रोबमध्ये चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न का दिसत नाहीत?

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरवर लॉगिनचे फसलेले प्रयत्न टिपण्यासाठी लिहिलेली आपली डीट्रेस (चालू प्रोग्रॅमचा माग घेणारे साधन) स्क्रिप्ट बरोबर आहे; अडचण प्रोबच्या, म्हणजे कोडमधल्या निरीक्षण-बिंदूच्या, जागेत आहे. मायएसक्यूएल ५.७ मधले कनेक्शन-स्टार्ट हे प्रोब क्लायंटचे लॉगिन यशस्वी झाल्यावरच चालते आणि कनेक्शन क्रमांक, युजर व होस्ट देते, त्यामुळे पासवर्ड चुकलेला प्रयत्न तिथपर्यंत पोहोचतच नाही. कनेक्शन-डन मात्र उपयोगी आहे, कारण नीट लॉगआउट झाल्यास त्यातला स्टेटस शून्य असतो आणि कनेक्शन अन्य कारणाने तुटल्यास शून्येतर.

८.० मालिकेत डीट्रेसचा आधारच काढून टाकला आहे, म्हणून नव्याने उभारणी करताना त्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्सवर बीपीएफट्रेस हे तसेच माग घेणारे साधन वापरावे आणि सर्व्हरच्या एसीएल_ऑथेंटिकेट या लॉगिन तपासणाऱ्या फंक्शनवर यूरेटप्रोब (फंक्शन परतताना चालणारे प्रोब) लावावे. परतीचे मूल्य शून्य नसेल तर ऑथेंटिकेशन फसले असे समजावे. हे फंक्शन सी प्लस प्लसमधले असल्याने बायनरीतले त्याचे पूर्ण, मँगल केलेले (कंपायलरने बदललेले) नाव आधी शोधून घ्यावे लागते, आणि आवृत्ती बदलली की ते पुन्हा तपासावे लागते.

केवळ टीसीपी (नेटवर्कवरच्या) जोडण्या मोजायच्या असतील तर कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) इनेट_सीएसके_अ‍ॅक्सेप्ट फंक्शनवरचे केरेटप्रोब (यूरेटप्रोबचेच कर्नलसाठीचे रूप) पुरते, मात्र युनिक्स सॉकेटवरून आलेले स्थानिक क्लायंट त्यात येत नाहीत. फसलेल्या प्रयत्नांचा फक्त आकडाच हवा असेल, तर प्रोब लावण्याआधी सर्व्हरचा अबॉर्टेड_कनेक्ट्स हा काउंटर पाहावा.