वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची पदकंच नाहीत. आता दुरुस्ती होते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील १९६९ ला मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाले, ७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर होते, तिथे मांडीत छर्रे घुसले, आणि १९८६ ला हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आले. आता गावात माजी सैनिकांचा सत्कार निघाला म्हणून तुम्ही ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक (सेनेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) काढलंत, तर त्यात सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, नऊ वर्षांच्या नोकरीचं आहे, पण ७१ च्या लढाईचं एकही नाही. ‘हे आता दुरुस्त होतं का? अमेरिकेसारखं त्यासाठी काही मंडळ आहे का? आणि वीरचक्रासाठी नाव पाठवलं होतं असं वडील सांगतात, त्याचं काय?’ असं तुम्ही विचारलंय.

दुरुस्ती होते. मी सेनेत क्लार्क होतो, त्यातली शेवटची काही वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवतात तिथे, काढली. असे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेत आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच मी परतही पाठवलेत. त्यामुळे अर्ज कुठे अडतो ते मला वरच्या साहेबापेक्षा जास्त माहीत आहे.

अमेरिकेचं आधी डोक्यातून काढा. तिकडे प्रत्येक दलाचं नोंदी दुरुस्त करणारं मंडळ असतं, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. नेटवर शोधलं की तेच आधी दिसतं. आपल्याकडे तसं मंडळ नाही. आपल्याकडे रेकॉर्ड ऑफिस आहे, त्याच्या वर दिल्लीत सेना मुख्यालय आहे, आणि कुठेच दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण.

आता मूळ मुद्दा. लोक पदक मागतात, तिथेच चुकतं. ‘माझ्या वडिलांनी देशासाठी रक्त सांडलं, त्यांना पदक मिळावं’ अशी दोन पानं येतात. वाचून वाईट वाटतं, पण क्लार्क त्याचं काहीच करू शकत नाही. त्याला लागते पार्ट टू ऑर्डर. जवानाच्या आयुष्यात नोकरीच्या दृष्टीने जे जे घडतं (सुट्टी, लग्न, बढती, बदली, जखम, पदक) ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथे तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक हे त्या शीट रोलवरून शेवटी उतरवलेलं. म्हणजे डिस्चार्ज बुकात नाही याचा अर्थ शीट रोलवर नाही, आणि शीट रोलवर नाही याचा अर्थ बहुधा पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही. पदक मागू नका, नोंद मागा. नोंद झाली की पदक तिच्या मागून येतं.

ऑर्डर का निघाली नसेल? तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला वाटतं उत्तर त्या छर्र्यांमध्येच आहे. जखमी माणूस इस्पितळात गेला आणि लवकर परत येण्यासारखा नसला की युनिट त्याला आपल्या स्ट्रेंथवरून, म्हणजे आपल्या माणसांच्या यादीतून, उतरवतं. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी पदकांच्या याद्या बनल्या, तेव्हा पलटणीने हजर माणसांची यादी केली. तुमचे वडील तेव्हा खाटेवर. इस्पितळ फक्त औषधपाणी बघतं. बरे झाल्यावर ते रेजिमेंटच्या सेंटरला गेले असतील, तिथून दुसऱ्या पलटणीत. त्या पलटणीला काय माहीत हा गडी डिसेंबरात कुठे होता! तिघांनाही वाटलं, दुसऱ्याने केलं असेल. लढाईत सगळ्यात पुढे असलेल्या माणसाचंच मेडल राहतं आणि मागे शिधा मोजणाऱ्याचं वेळेवर येतं, हे मी कितीदा पाहिलंय.

त्यांना नक्की काय मिळायला हवं, ते बघू. ३ ते १६ डिसेंबर १९७१ या दिवसांत पूर्वेकडच्या लढाईच्या क्षेत्रात जे होते त्यांना पूर्वी स्टार. (पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. अर्जात हे दोन उलटसुलट करू नका, लोक करतात.) दुसरं संग्राम मेडल. त्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा लांब आहे आणि ते आघाडीपुरतं नव्हतं, सीमेलगतच्या राज्यांत सेवेत असलेल्यांनाही होतं. तिसरं वूंड मेडल, म्हणजेच पराक्रम पदक, शत्रूशी प्रत्यक्ष चकमकीत जखमी झालेल्याला. तीन पदकं, तीन वेगळ्या नोंदी. अर्ज एकच करा, पण मागण्या तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. एक अडली म्हणून बाकीच्या दोन लटकायला नकोत.

पंचविसाव्या वर्षाचं मेडल त्यांच्याकडे आहे, हा तुमच्या हातातला धागा आहे. ते १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. म्हणजे तेव्हा कुठल्या तरी युनिटने त्यांना आपलं धरून पार्ट टू ऑर्डर काढली. त्या ऑर्डरचा तपशील डिस्चार्ज बुकात नसेल, पण शीट रोलवर तिचा नंबर, तारीख आणि युनिटचं नाव असणार. त्यावरून कळेल की डिसेंबरातली पलटण त्यांनी कधी सोडली. डिसेंबर ७१ आणि त्या ऑर्डरची तारीख यांच्या मधली ती फट अर्जात दाखवून दिलीत की निम्मं काम झालं.

म्हणून आधी शीट रोलची प्रत मिळवा. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. (हे उत्तर दुसरं कोणी वाचत असेल तर: तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारचं मध्य प्रदेशात सागरला.) साधं पत्र लिहून बघा, पण सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर अपील. अर्ज वडिलांच्या नावाने, वडिलांच्या सहीने. तुम्ही मुलगा म्हणून केलात तर ‘तिसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारायला आयतं कारण मिळतं. मागायचं काय, तर शीट रोलची प्रत, डिसेंबर ७१ ते डिसेंबर ७२ या काळातल्या त्यांच्याविषयीच्या पार्ट टू ऑर्डर, जखमी झाल्याचा रिपोर्ट आणि मेडिकल बोर्डाचे कागद. ‘पदक का दिलं नाही’ असा प्रश्न त्यात विचारू नका. माहितीच्या अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही.

प्रत आल्यावर मुख्य अर्ज. वर नंबर, रँक, नाव. नंबर शीट रोलवर आहे तसाच, पुढच्यामागच्या अक्षरांसकट. नाव भरतीच्या वेळी लिहिलं तेच. आपल्याकडे पेन्शनीवर आलं की नावापुढे ‘राव’ लागतं, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग असतं, आणि मग दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करण्यात सहा महिने जातात. खाली मोजक्या ओळी: कुठली पलटण, कुठली कंपनी, कधी जखमी, कुठल्या इस्पितळात. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत आणि त्याच कंपनीतल्या दोघा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं. सोबत्याच्या डिस्चार्ज बुकात त्याच पलटणीखाली पूर्वी स्टार असेल तर त्या पानाची प्रत जोडाच. प्रतिज्ञापत्रापेक्षा ती भारी पडते, कारण ती सेनेचीच नोंद आहे. सोबती कसे शोधायचे? रेजिमेंटच्या रियुनियनला कोण जातं ते विचारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. अर्जही त्या कार्यालयामार्फत पाठवला तर जावक नंबर राहतो आणि स्मरणपत्र तेच घालतात.

एक शब्द मात्र अर्जात नको: ‘हरवलं’. हरवलेल्या पदकाची दुसरी प्रत आणि कधीच न मिळालेलं पदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मेडल हरवलं आहे, मिळावं’ असं भाबडेपणाने लिहिलंत की अर्ज भलत्याच गठ्ठ्यात जातो.

पैशाचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पूर्वी स्टार, संग्राम यांना पैसा नाही, नुसता मान. पण जखमेचं तसं नाही. ‘लढाईत जखमी’ अशी नोंद शीट रोलवर असेल आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने त्या पायाचं काही अपंगत्व धरलं असेल, तर पेन्शनचा हिशोबच वेगळा लागू शकतो. तुमच्या वडिलांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढा आणि त्यात अपंगत्वाचा भाग आहे का बघा. ते प्रकरण पदकांच्या अर्जात मिसळू नका, पण कागद तेच लागतील, म्हणून प्रती दोन काढा.

आता वीरचक्राचं. इथे मला जपून लिहावं लागेल, कारण वडील हे वाचतील.

त्यांचं नाव पाठवलं गेलं असेल, यावर माझा विश्वास आहे. सी.ओ. साहेब (पलटणीचे प्रमुख) इस्पितळात येऊन तसं म्हणालेही असतील. पण शौर्यपदकाची शिफारस पलटणीतून ब्रिगेडला जाते, तिथून डिव्हिजन, कोअर, कमांड आणि मग दिल्ली. प्रत्येक पायरीवर नावं गळतात, कुठे वीरचक्राचं सेना मेडल होतं, कुठे काहीच उरत नाही. जे टिकतं ते भारताच्या राजपत्रात छापून येतं. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर ७१ च्या मानकऱ्यांची नावं आहेत, ती एकदा बघून घ्या. क्वचित असंही होतं की माणसाला मिळालेलं असतं आणि त्यालाच पत्ता नसतो. तिथे नसेल तर मात्र रेकॉर्डमध्ये चूक नाही. चूक नाही तर दुरुस्तीही नाही. पूर्वी स्टार हा त्यांचा हक्क आहे, वीरचक्र ही शिफारस होती. पन्नास वर्षांनी शिफारस उकरायला गेलात तर वेळ आणि वकील दोन्ही खर्ची पडतील. दोन्ही मागण्या एका अर्जात तर घालूच नका. वीरचक्राचं वाक्य वाचलं की क्लार्क वर बघतो आणि पुढचं सरळ प्रकरणही संशयाने वाचतो. मी वाचायचो.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर मुंबईला न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तेच. नकाराच्या तारखेपासून सहा महिने धरून चाला. तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही.

घाई करा, इतकं मात्र म्हणेन. माझा मामा ६५ ला लढला, ७४ साली पेन्शन न घेता घरी आला. त्याच्या समर सेवा स्टारसाठी मी स्वतः अर्ज लिहिला, आणि मी क्लार्क असूनही काही झालं नाही, कारण बिनपेन्शनवाल्याचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. उरली होती लाँग रोलमधली (भरती झालेल्या सगळ्यांच्या नोंदवहीतली) एक ओळ: नंबर, नाव, भरती, सुटका. ज्याच्या शब्दावर भागलं असतं तो शेजारच्या गावचा सोबती आदल्या वर्षीच गेला होता. तुमचे वडील पेन्शनर आहेत, त्यांची फाईल पुष्कळ जास्त काळ ठेवतात, तेव्हा ती असणार. सोबत्यांचं तसं सांगता येत नाही, तेही पंच्याहत्तरीच्या पुढचेच.

आज संध्याकाळी वडिलांना एवढंच विचारा: छर्रे काढले ते इस्पितळ कुठलं होतं, कलकत्ता की पुणे की आणखी कुठलं, आणि तिथून सुटल्यावर पहिली हजेरी कुठे दिली. साल-महिना आठवला नाही तरी पाऊस होता की थंडी, एवढं आठवेल. उत्तर इथेच खाली लिहा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.