अंतर भागिले वेग? एवढं सोपं नाही ते

तुम्ही विचारलंय की दोन विमानतळांमधलं अंतर साइटवर मिळालं, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर प्रवासाचे तास निघतील का. ढोबळ अंदाज येईल. पण बिऱ्हाड हलवताना त्यावर विसंबू नका. मी विसंबलो होतो.

साइटवरचं अंतर गोलावर दोरा ताणून मोजल्यासारखं असतं. विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. हेलसिंकी ते टोकियो साधारण ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाताना साडेनऊ तास पुरायचे. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोपातल्या बहुतेक कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. साइटवरचं अंतर एक किलोमीटरनेही वाढलं नव्हतं!

दुसरा भिडू म्हणजे वारा. लंडन–न्यूयॉर्क साधारण ५,५४० किलोमीटर. जाताना आठेक तास, येताना सातच्या आसपास. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. २०२० च्या फेब्रुवारीत तर एक जंबो जेट न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. सकाळी ११ ला लंडन सोडून दुपारी २ ला न्यूयॉर्क, म्हणजे तीन तास नव्हेत. घड्याळातले पाच मिळवा, आठ झाले. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळही धरलेला असतो.

पण खरे तास खातं ते मधलं विमानतळ. मी पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली होती, मध्ये दोन तास. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. बेल्टवर माझी एक बॅग लगेच आली, नायलॉनच्या दोरीने बांधलेली दुसरी अगदी शेवटी. धावत काउंटरला पोचलो तेव्हा तिथली बाई खुर्ची आत सरकवत होती. तिकिटं वेगळी, त्यामुळे पहिल्या कंपनीने हात वर केले. नवं तिकीट माझ्याच खिशातून.

म्हणून सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या आणि मध्ये तीनेक तास ठेवा. अमेरिकेला जात असाल तर बॅगा शेवटपर्यंत टॅग केलेल्या असल्या तरी बहुतेक वेळा तिथल्या पहिल्याच विमानतळावर उचलून, कस्टम्स करून पुन्हा द्याव्या लागतात. मधल्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकिटाआधी बघा. पूर्वेकडे जाताना झोपेचं गणित जास्त बिघडतं, तेव्हा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जॉइनिंग ठेवू नका.

आणि घरमालकाला किल्लीची तारीख कळवण्याआधी पोचण्याच्या वेळेशेजारचं ते बारीक ‘+१’ वाचा, म्हणजे विमान दुसऱ्या दिवशी पोचणार. मी वाचलं नव्हतं. एका दिवसाचं भाडं विमानात बसून भरलं.