करंडा सांडू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पानिपतावरच्या तुझ्या कादंबरीची प्रकरणं दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या कुंकवाच्या करंड्यापाशी थांबले. वस्तू अचूक निवडली आहेस. पण १४ जानेवारी १७६१ रोजी तिकडे सदाशिवरावभाऊ पडतात आणि इकडे छावणीत पार्वतीबाईंच्या हातून करंडा निसटून कुंकू सांडतं, तो प्रसंग काढून टाक. कुंकू सांडलं की वाचक समजून जातो, आणि या बाईची तर सगळी कथाच मान्य न करण्याची आहे. भाऊंचा देह रणात सापडला, त्याला अग्नी दिला, हे त्या युद्धाच्या वेळी शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलं आहे. तरी जिवंत परतलेल्या पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. १७६३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या कुंकू लावत राहिल्या. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी तो करंडा उघडला जात होता. तुझी कादंबरी तिथे आहे गं.

जुना करंडा जवळून पाहिला आहेस का? माझ्या आजीचा पितळी होता. एका कप्प्यात मेण, दुसऱ्यात कुंकू. आधी कपाळाला मेण लावायचं, त्यावर कुंकू टेकवायचं. थंडीत मेण दगडासारखं व्हायचं. आजी त्यावर बोट घासत बसायची, उबेने ते सुटेपर्यंत. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने मेणात तिच्या बोटाएवढा खळगा पडला होता. तुझ्या कथेत तर पौष आहे, उत्तरेतली थंडी आहे. मागे सगळं उद्ध्वस्त झालेलं, पुढचा मुक्काम ठाऊक नाही आणि ही बाई मेणावर बोट घासत बसली आहे. एवढंच लिही. ‘आशेचं प्रतीक’ हे शब्द तीनदा आलेत, तिन्ही ठिकाणचे खोड.

वाचक समजेल की नाही, ही धास्ती सोड. पानिपताची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. पत्रात कुणाचं नाव नव्हतं. ते मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हे त्यांना कुणी फोड करून सांगावं लागलं नाही.

आणि कुंकू संपतं, हे लक्षात ठेव. पुण्याला आल्यावर करंडा कोण भरत होतं? भरणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं असेल? नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाईंना तू जेमतेम अर्धं पान दिलं आहेस, ते मला फार खटकलं. जानेवारीत त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला, २३ जूनला नवरा. त्यांचं कपाळ मोकळं आणि धाकट्या जावेचं भरलेलं. दोघींना एका दालनात आण, मध्ये करंडा ठेव आणि कुणाला बोलू देऊ नकोस. वस्तू तीच, पण गोपिकाबाईंच्या नजरेला ती कशी दिसते ते लिहिताना तुझा हात थरथरला पाहिजे.

शेवटचं प्रकरणही पुन्हा लिही. सवाष्ण गेली की तिचा मळवट भरतात. पार्वतीबाईंचा कुणी भरला? की त्या क्षणी सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं? हे तू ठरव, आणि ते पान आधी मला पाठव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
बाई