फुल फेस स्नॉर्कल मास्क: धुकं, धाप आणि गळती, तुमच्या प्रश्नांची उत्तरं

सुट्ट्यांचे प्लॅन सुरू झाले की मालवण, तारकर्ली, अंदमान, मालदीवला जाणाऱ्यांचे मेसेज यायला लागतात, आणि यंदा त्यातले बरेचसे फुल फेस मास्कबद्दल आहेत, म्हणजे तो अख्खा चेहरा झाकणारा मास्क, ज्यात नळी दातात धरावी लागत नाही आणि नाकाने श्वास घेता येतो. २०१४ मध्ये डिकॅथलॉनचा ईझीब्रेथ आला तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला, आता ऑनलाइन त्याच्या कितीतरी नकला मिळतात. मी स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घेत तरंगणं, शिकवतो, माझा या मास्कला विरोध नाहीये, पण तो आतून कसा चालतो हे न बघता लोक थेट पाण्यात उतरतात याची मला खरंच काळजी वाटते. म्हणून निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न (ठाणे): बॉक्सवर अँटी फॉग लिहिलंय तरी दहा मिनिटांत काच पूर्ण धुरकट होते. टूथपेस्ट चोळून बघू का?

टूथपेस्ट अजिबात नको. ती युक्ती जुन्या, खऱ्या काचेच्या मास्कची. तुमच्या मास्कची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, प्लॅस्टिकच ते, त्यावर पेस्ट चोळली की बारीक चरे पडतात आणि ते कायमचे राहतात.

आणि धुकं का येतंय ते आधी समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. या मास्कमध्ये ताजी हवा वरच्या नळीतून डोळ्यांसमोरच्या भागात उतरते, तिथून छोट्या एकदिशा व्हॉल्व्हमधून नाकातोंडावर बसणाऱ्या आतल्या सिलिकॉनच्या कपात जाते, आणि तुम्ही सोडलेली हवा त्या कपातून कडेच्या वेगळ्या वाटेने वर बाहेर पडते. म्हणजे काचेला फक्त ताजी हवा लागायला हवी. तरी धुकं येतंय म्हणजे तोंडातली दमट हवा कपाच्या कडेतून निसटून डोळ्यांकडे शिरतेय, आणि दमटपणाबरोबर कार्बन डायऑक्साइडही शिरतोय, तो पुढच्या श्वासात परत तुमच्याच छातीत. त्यामुळे सतत धुकं येणाऱ्या मास्कमध्ये मासे दिसत नाहीत एवढीच अडचण नसते, तुम्ही वापरलेली हवा पुन्हा ओढताय असा त्याचा अर्थ असू शकतो. धुकं आलं की बाहेर या, दुरुस्त करा, तसेच पुढे पोहत राहू नका.

दुरुस्तीत पहिलं साइझ. तोंड मिटून नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंत मोजा आणि त्याच कंपनीच्या चार्टमध्ये बघा, एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीत स्मॉल निघतो. कप नाकाच्या दांड्यावर आणि हनुवटीखाली सगळीकडून टेकायला हवा. मग आतले ते छोटे व्हॉल्व्ह बघा, सिलिकॉनची चकती जागेवर आहे ना, दुमडली नाहीये ना. घरी खुर्चीत बसून मास्क घाला आणि पाच मिनिटं शांत श्वास घ्या, इथेच धुकं आलं तर समुद्रात येणारच. हे सगळं ठीक असेल तर मग पातळ केलेल्या बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवून धुवून टाका, तेवढं पुरतं. होडीत उन्हात मास्क घालून घामाघूम बसायचं आणि मग गार पाण्यात उतरायचं, यानेही थोडं धुकं येतं, म्हणून तो अगदी उतरताना घाला.

प्रश्न (नाशिक): या मास्कने माणसं गुदमरून मेलीत असे व्हिडिओ येतात. खरं आहे का? आमच्याकडे चार मास्क आहेत, फेकून देऊ?

फेकू नका, पण हे नीट वाचा, थोडं लांब आहे.

आपण आरामात बसलेलो असताना एका श्वासात साधारण ५०० मिलीलीटर हवा घेतो, त्यातली १५० च्या आसपास नुसती श्वासनलिकेत राहते, तिचा उपयोग होत नाही. मास्कमध्ये जेवढी जादा पोकळी सोडलेल्या हवेने भरते तेवढी ही बिनकामाची हवा वाढते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो, आपण सोडलेल्या हवेत ४ ते ५ टक्के. चांगल्या मास्कमध्ये व्हॉल्व्ह काम करत असतील तर जादा पोकळी फक्त कपाएवढीच, पण स्वस्त नकलेत व्हॉल्व्ह नसतात किंवा कप नीट बसत नाही, मग अख्खा मास्कच ती पोकळी होतो. त्यात माणूस घाबरला की भराभर उथळ श्वास घेतो, आणि उथळ श्वासातला मोठा वाटा जुन्या हवेचाच असतो. डोकं जड होणं, हवा कमी पडतेय असं वाटणं, गरगरणं ही त्याची लक्षणं. म्हणून श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा.

आता दुसरी बाजू. हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करताना पर्यटकांचे मृत्यू होत राहिले म्हणून तिथे सरकारी मदतीने अभ्यास झाला, त्यात सगळा दोष फुल फेस मास्कवर टाकता आला नाही. नळीतून हवा ओढताना जो अडथळा येतो तो साध्या स्नॉर्कलमध्येही कमीजास्त असतो, आणि तो अडथळा, जोरात पोहण्याचे श्रम, आधीपासून हृदयाचा त्रास असं एकत्र आलं की फुप्फुसांत पाणी उतरू शकतं, बाहेरचं नाही, शरीरातलंच. मुळात मानेपर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबाने हातापायांतलं साधारण ७०० मिलीलीटर रक्त छातीकडे सरकतं, त्यावर जोर लावून हवा ओढली की फुप्फुसांवर ताण येतो. असा माणूस हातपाय झाडत नाही, ओरडत नाही, एकदम थकतो आणि गप्प पडतो, बाजूच्याला वाटतं मासे बघतोय.

त्यामुळे कुठलाही मास्क असो, कारण नसताना धाप लागली, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी मास्क काढायचा, पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि पाण्याबाहेर यायचं. "जरा थांबलो की बरं वाटेल" म्हणून तोंड पाण्यात घालून पडून राहू नका. बाहेर आल्यावरही धाप कमी होत नसेल तर सरळ १०८ ला फोन करा.

इथेच फुल फेसची खरी अडचण येते. साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, हा मास्क पट्ट्यांनी डोक्याला बांधलेला असतो. घाबरल्यावर हात पुढून काच ओढतात, तो निघत नाही आणि माणूस अजून घाबरतो. हनुवटीखाली बोटं घालून मास्क पुढे आणि वर उचलायचा, आधी हनुवटी सुटली की हवा मिळाली, पट्टा मग निघतो. हे कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून, एका हाताने, पुन्हा पुन्हा करून बघा. घरातल्या चौघांनीही करा, हे जमल्याशिवाय पाय टेकत नाहीत तिथे जायचं नाही असा नियमच करा. आणि पट्टे आवळून आवळून बांधू नका, गळती थांबावी म्हणून आवळलेला मास्क काढायला सगळ्यात अवघड.

प्रश्न (कोल्हापूर): मास्कमध्ये पाणी येतं, कुठून येतं कळत नाही. दाढी आहे, काढायची का?

गालाच्या बाजूने झिरपत असेल तर दाढीच. खुंटं असली तरी सिलिकॉन टेकत नाही, पूर्ण दाढी असेल तर हा मास्क तुमच्यासाठी नाही, साधा दोन भागांचा, म्हणजे डोळे-नाकाचा मास्क आणि दातात धरायची वेगळी नळी असा घ्या, त्यात फक्त मिशीचा प्रश्न येतो. कपाळावरून येत असेल तर केस किंवा टोपी आत अडकलीय, आणि सनस्क्रीन लावून लगेच मास्क घातला तर तो घसरतो.

हनुवटीजवळ साचत असेल तर तिथला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बघा, त्याच्या चकतीखाली वाळूचा एक कण बसला तरी तो मिटत नाही. तो कण नखाने किंवा टोकदार वस्तूने काढू नका, वाहत्या गोड्या पाण्याखाली धरा. आणि वरून पाणी येत असेल तर दोन शक्यता, एक तर नळी बसवताना खट्ट असा आवाज आलेला नाही, दुसरी म्हणजे तुम्ही सरळ खाली बघताय. मान फार वाकवली की नळी आडवी होते, थोडं पुढे बघत तरंगा. लाटा असतील तेव्हा नळीच्या टोकाचा तरंगता व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आलं की वाट बंद करणारी गोळी, सारखा मिटतो आणि ऐन श्वास घेताना हवा बंद होते, त्याने लोक दचकतात. ते बिघडलेलं नसतं, तसंच असतं, पण लाटांच्या दिवशी या मास्कने जाऊ नका असंच माझं मत आहे. मालवणात गाइड आज पाणी खराब आहे म्हणाला तर त्याच्याशी पैशांवरून वाद घालू नका, तो रोज ते पाणी बघतो.

प्रश्न (पुणे): अंदमानला जातोय. या मास्कने खाली बुडी मारून कोरल जवळून बघता येईल का? मागे कान खूप दुखले होते.

नाही. कानातला दाब सारखा करायला नाक चिमटीत धरून हवा ढकलावी लागते, बहुतेक फुल फेस मास्कमध्ये नाकापर्यंत बोटं पोहोचतच नाहीत. शिवाय आत हवा भरपूर, ती तुम्हाला वर ओढते आणि खाली गेलात की दाबाने मास्क चेहऱ्यावर चेपतो. हा पृष्ठभागावर तरंगायचा मास्क आहे. बुडी मारायची असेल तर नाकाचा वेगळा खिसा असलेला छोटा मास्क आणि साधी नळी घ्या आणि शिकून घ्या. नॉर्थ बे किंवा एलिफंट बीचला उथळ पाण्यातही वरून भरपूर दिसतं. कोरलला हात लावू नका, त्यावर उभंही राहू नका, ते जिवंत असतं आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

प्रश्न (डोंबिवली): मुलगा सात वर्षांचा आहे. माझा स्मॉल मास्क पट्टा आवळून त्याला होतो. चालेल ना?

नाही ताई, चालणार नाही. होतो म्हणजे बाहेरून टेकतो, आतला कप त्याच्या नाकातोंडावर बसतच नसणार. मुलाचा श्वास लहान, त्यामुळे मोठ्या मास्कमधली जुनी हवा त्याला कितीतरी जास्त भारी पडते, वर सांगितलं तेच गणित, पण अजून वाईट. मुलांसाठी वेगळे छोटे मास्क मिळतात, बॉक्सवर वय आणि चेहऱ्याचं माप दिलेलं असतं, तेही पाळा. माझं मत विचाराल तर सात वर्षांच्या मुलाला आधी नुसता डोळे-नाकाचा मास्क द्या, श्वास घ्यायला डोकं वर काढू दे, अंगात लाइफ जॅकेट आणि तुम्ही हाताच्या अंतरावर. फोटो काढायला सुद्धा लांब जाऊ नका.

प्रश्न (सांगली): वय ६१, बीपीची गोळी चालू, चष्मा आहे, पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून हा मास्क चालेल का? एजंट म्हणतो सगळ्यात सोपा हाच.

काका, सोपा वाटतो हे खरं, पण तुमच्यासाठी क्रम वेगळा आहे. आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायचाय, चालेल का, नुसतं "समुद्रावर जातोय" म्हणू नका. बीपी आणि हृदयाचा त्रास हवाईच्या त्या अभ्यासात धोक्याच्या बाजूला आहेत. लांबच्या विमानप्रवासाकडेही त्यांनी बोट दाखवलंय, म्हणजे उतरल्या दिवशीच पाण्यात जायची घाई नको. डॉक्टर हो म्हणाले तर पाय टेकतील एवढ्या पाण्यात, गाइड शेजारी उभा, काही मिनिटं तरंगून बघा, आणि काढायचा सराव वर सांगितला तसा.

चष्मा आत बसत नाही, काडी सिलिकॉनमध्ये आली की पाणी आलंच. काही मास्कसाठी आत बसवायची नंबरची फ्रेम मिळते. नंबर कमी असेल तर तसंच उतरा, पाण्यात सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं.

प्रश्न (नागपूर): मित्राकडे लॉकडाऊनमधला मास्क आहे, वर नळीच्या जागी फिल्टरचा जोड लावलेला. जोड काढून, नळी लावून पाण्यात वापरू का?

२०२० मध्ये इटलीत ब्रेशाच्या एका कंपनीने थ्रीडी प्रिंट केलेला जोड लावून हे मास्क रुग्णांना श्वासासाठी वापरता येतील असे केले होते, मग जगभर लोकांनी आपापल्या परीने फिल्टरचे प्रकार केले. अशा फेरफारात हनुवटीचा व्हॉल्व्ह बंद करतात, कधी आतले व्हॉल्व्ह काढतात किंवा वाटा बुजवतात. नेमकं काय बदललंय हे तुम्हाला दिसत नसेल तर तो पाण्यात नको. एवढी वर्षं पडून असेल तर सिलिकॉनही बघा, कडक, चिकट किंवा वाकडं झालेलं असतं, कारच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या मास्कचंही तेच होतं. भाड्याने मिळणाऱ्या मास्कचीही हीच तपासणी करा, आतल्या चकत्या, हनुवटीचा व्हॉल्व्ह, वरच्या गोळीची हालचाल, मग पैसे द्या. नवीन घेतला तर दर वेळी गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. पट्टा तुटला तर बदलून मिळतो, पण आतल्या कपाची कड फाटली असेल तर फेव्हिक्विक लावून वापरू नका आणि ऑनलाइन विकायलाही टाकू नका, तो मास्क संपला.